लांब पल्ल्याच्या गाडीवर गरम पाण्याचा शॉवर : कुणी बसवलाय का?

बेदाणा_एक्स्प्रेस

राम राम मंडळी. गाडी घरची आहे. १० टायर, २८ टनी, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची). तासगाव-सांगलीचा बेदाणा आणि हळद घेऊन धुळं, इंदूर, कोटा, जयपूर करत दिल्लीपर्यंत जाते, येताना जे भाडं लागेल ते. एक खेप मी, एक खेप चुलतभाऊ, सोबत क्लीनर.

उन्हाळ्यात अंघोळीचं काही अडत नाही. पंपावर नाहीतर ढाब्यावर नळाखाली बसलं की झालं. अडतं ते डिसेंबर-जानेवारीत. कोट्याच्या पुढं पहाटेचं पाणी अंगावर घेववत नाही. ढाबेवाला चहाच्या भट्टीवरचं डबाभर गरम पाणी देतो, तेही ओळख असेल तर. पण खरी पंचाईत ढाब्यावर नाहीच. मार्केट यार्डाबाहेर नाहीतर गोडाऊनच्या गेटवर नंबर लावून उभं राहायचं, गाडी सोडून हलता येत नाही आणि तिथं प्यायच्या पाण्याचीही बोंब असते.

मला पाहिजे एवढंच : दोघांपुरतं गरम पाणी, इंजिन बंद असताना वापरता यावं, आणि घाटात गाडी तापू नये. इंजिनाची उष्णता नाहीतरी रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते, तीच धरावी असं डोक्यात आहे. सायलेन्सरला तांब्याची नळी गुंडाळायची की रेडिएटरच्या होजला जोड द्यायचा, इथं गाडं अडलंय. कुणी केलंय का? फोटो असतील तर टाका.

लाल_डबा

आज शॉवर, पुढच्या वर्षी मोरी, त्याच्या पुढच्या वर्षी तुळशीवृंदावन. मग वहिनी म्हणतील, आता घरी कशाला येता?

(चेष्टा सोडा, विषय चांगला आहे. वाचतोय.)

घाटवाट

सायलेन्सरचा नाद आधी सोडा. जुन्या गाड्यांना लोक गुंडाळायचे नळ्या, मीही बघितल्यात. पण तुमची गाडी बीएस-६ आहे. त्या डब्यात आता नुसता आवाज मारायची जाळी नाही, धूर साफ करायचा सगळा कारखाना आहे. काजळी जाळताना आतलं तापमान ५००-६०० अंशांवर जातं. धूर साफ करायला त्यात युरिया फवारतात, त्याचं काम नीट व्हायलाही धूर गरमच लागतो. त्यातली उष्णता तुम्ही आधीच काढून घेतली तर सेन्सर बोंबलणार, डॅशबोर्डवर दिवा लागणार आणि गाडी पिकप सोडणार. वॉरंटीचं तर नावच नको.

दुसरं, आणि जास्त धोक्याचं. नळीतलं पाणी संपलं की रिकामी नळी तापून लाल होते. त्यात कुणी थंड पाणी सोडलं की जागच्या जागी वाफ. तोंड बंद असेल तर नळी फुटते, उघडं असेल तर समोरचा माणूस भाजतो. धुराच्या तापमानावर तुमचा काहीच ताबा नाही. कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्यावर, आहे. तिथं थर्मोस्टॅट बसलेला आहे, इंजिन चालू असताना साधारण ८० ते ९५ अंशांच्या मधे राहतं. उष्णता घ्यायची तर तिथूनच.

नवा_स्टेअरिंग

एवढी उठाठेव कशाला? पाच किलोचा सिलिंडर नि छोटा गॅस गिझर मिळतोय. केबिनच्या मागं लावला, काडी ओढली, झालं.

ड्रायव्हरची_लेक

नको, नको. घरातल्या बंद न्हाणीघरात गॅस गिझरनं माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपल्याकडच्या पेपरात येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणसाला गुंगी येते आणि तो तिथंच बसून राहतो. तुम्ही आडोशाला ताडपत्री लावणार म्हणजे जागा बंदच झाली. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साठून राहतो, आणि खाली बॅटरीचा डबा. स्वयंपाकाचा सिलिंडर बरेच जण गाडीत ठेवतात म्हणून हाही ठेवावा, हे काही कारण होत नाही.

कुपवाड_वायरमन

विजेचं मी सांगतो, म्हणजे तो रस्ता कुणी धरणार नाही.

२० लिटर पाणी १० अंशांवरून ४२ वर न्यायला पाऊण युनिट वीज लागते. २४ व्होल्टवर हे ३१ अँपिअर-तास झाले, तेही एक थेंब उष्णता वाया गेली नाही असं धरून. बॅटऱ्या १३० च्या असल्या तर पाव बॅटरी एका अंघोळीत गेली. पहाटे थंडीत सेल्फ मारायचाय, हे लक्षात ठेवा. इन्व्हर्टर लावून दीड हजार वॉटचा रॉड टाकणारेही भेटतात. तो बॅटरीतून ७० अँपिअरच्या आसपास ओढतो. वायर बारीक असली तर पाण्याआधी वायरच तापते. आणि उघड्यावर, ओल्या जमिनीवर, बादलीत रॉड ही कल्पनाच मला सहन होत नाही.

पंपापुरती वीज घ्या, बिघडत नाही. पण एक गोष्ट सगळे जण करतात ती करू नका. १२ व्होल्टचा पंप आहे म्हणून दोनातल्या एकाच बॅटरीवरून तार ओढतात. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि वर्षभरात दोन्ही बदलायची पाळी येते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. पंपाजवळ फ्यूज लावून मधली सगळी तार मोकळी ठेवली तर त्या फ्यूजचा उपयोग काय?

कृष्णाकाठचा_फिटर

आता माझ्या धंद्यातलं आलं म्हणून सविस्तर लिहितो. अण्णा, घाई करू नका, शेवटपर्यंत वाचा.

पहिली गोष्ट. कूलंट आणि अंघोळीचं पाणी एकमेकांना कधीच भेटता कामा नये. रेडिएटरच्या होजला तोटी बसवून थेट गरम पाणी काढणारे लोक आहेत, जुन्या गाड्यांत नुसतं पाणी भरलेलं असायचं तेव्हा चालूनही जायचं. आता आत इथिलीन ग्लायकॉल आहे. पोटात गेलं तर किडनीवर जातं. चवीला गोडसर असतं म्हणून लहान पोरं नि कुत्री तोंड लावतात. वरून सिस्टिम दाबाखाली असते. गरम गाडीची तोटी उघडली की उकळता फवारा.

म्हणून मधे भिंत पाहिजे. प्लेटचा हीट एक्स्चेंजर लावून चालत्या इंजिनावर थेट गरम पाणी काढता येतं, बाहेरच्या देशातले हौशी लोक जीपवर तसंच करतात. आपल्याला ते बसत नाही. मिनिटाला तीन लिटर पाणी १० वरून ४२ वर न्यायला साडेसहा किलोवॉट उष्णता लागते. भरलेली गाडी चढ चढत असेल तर इंजिन याच्या कितीतरी पट उष्णता फेकतं, पण नुसत्या आयडलवर उभ्या गाडीचं कूलंट थंड व्हायला लागतं. आणि अंघोळीसाठी इंजिन चालू ठेवायचं म्हणजे ताशी दीड-दोन लिटर डिझेल.

तुम्हाला टाकी पाहिजे. घरचा तांब्याचा बंब आठवा : मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. इथं जाळाच्या जागी कूलंट. पंचवीस लिटरची स्टीलची टाकी, आत तांब्याच्या किंवा स्टीलच्याच नळीची गुंडाळी, त्या गुंडाळीतून कूलंट फिरणार. दिवसभर गाडी चालते तेवढ्यात पाणी ७०-७५ पर्यंत आरामात जातं. दोन इंच पफ (उष्णता अडवणारा फोम) किंवा ग्लासवूल नीट गुंडाळलं तर रात्रभरात पाच-दहा अंश उतरतं, जास्त नाही. इंजिन कधीच बंद, सकाळी पाणी गरम.

हिशेब बघा. ७० अंशांचं १५ लिटर आणि १० अंशांचं १२ लिटर मिसळलं की २७ लिटर पाणी ४३ अंशांचं होतं. एका माणसाची सणासुदीची अंघोळ. काटकसरीनं दोघांची, आणि टाकीत १० लिटर शिल्लक.

टाकी कुणाकडनं करून घ्यायची? गाडीच्या बॉडीवाल्याकडनं नको. आपल्या जिल्ह्यात दूधधंदा एवढा मोठा, डेअऱ्यांच्या टाक्या करणारे स्टीलवाले सांगली-मिरजेत आहेत. ३०४ ग्रेडच्या स्टीलचा पत्रा, आर्गन वेल्डिंग, आतून गुळगुळीत, वर पफ भरून बाहेरचा पत्रा, हे त्यांचं रोजचं काम आहे. त्यांना "दुधाची टाकी करतो तशीच, पण आत गुंडाळी" एवढं सांगितलं की पुरतं.

आता जिथं लोक घोळ घालतात ती ठिकाणं.

टाकीचं तोंड बंद करायचं नाही. तापलेलं पाणी फुगतं, २० वरून ८० अंशांवर जाताना जवळजवळ तीन टक्के. पंचवीस लिटरला पाऊण लिटर. बंद टाकीत त्याला जागा नाही मिळाली तर टाकीच जागा करते. वरून अर्ध्या इंचाची नळी उघडी ठेवा, तोंड खाली वळवून, म्हणजे धूळ जाणार नाही. आत एक आडवा पत्रा टाका, नाहीतर ब्रेक मारला की पाणी हिंदकळून त्या नळीतून बाहेर.

जोड कुठं द्यायचा? केबिनला हीटर असेल तर त्याच्याकडे जाणाऱ्या दोन होज असतात, तिथं टी (तीन तोंडांचा जोड) टाका. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह पाहिजेतच. रस्त्यात गुंडाळी फुटली तर दोन व्हॉल्व्ह बंद करून गाडी पुढं गेली पाहिजे. शॉवरपायी बेदाणा रस्त्यात उभा राहायला नको.

टाकी चासीवर, केबिनवर नाही. केबिन टिल्ट होते, हे जोडणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही आणि पहिल्यांदा केबिन उचलली की होज तुटते. डिझेल टाकीच्या समोरच्या बाजूला जागा असते, पण एअर टाकी, बॅटरी आणि युरियाच्या टाकीपासून लांब. चासीला वेल्डिंग नाही, नवी भोकंही नाहीत. मधल्या उभ्या पट्टीत कंपनीची भोकं असतात, त्यांतच ब्रॅकेट, मधे रबर. गाडीवर कुठंही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरी सोडा, नाहीतर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जायची भीती.

आणि हवा. गुंडाळीत हवा अडकली की कूलंट फिरत नाही. हवा पुढं सरकून इंजिनात गेली तर मग बघायला नको. पुण्याकडनं माल भरून खंबाटकी चढताना काटा वर गेला की कळतं. गुंडाळी कूलंटच्या वरच्या डब्यापेक्षा खाली पाहिजे, सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू, आणि काम झाल्यावर गाडी चालवून, थंड करून, पुन्हा लेव्हल बघायची.

बेदाणा_एक्स्प्रेस

फिटर अण्णा, दंडवत. बंबाचं सांगितलं तिथंच डोक्यात उजेड पडला. एक शंका. गुंडाळीला बारीक छिद्र पडलं तर कूलंट पाण्यात येणार की पाणी कूलंटमध्ये जाणार?

कृष्णाकाठचा_फिटर

बरोबर जागी बोट ठेवलंत. गाडी गरम असताना कूलंटचा दाब जास्त, तुमची टाकी उघडी. म्हणजे कूलंट अंघोळीच्या पाण्यात येणार. म्हणून दोन सवयी लावून घ्या. पाणी काढलं की आधी रंग बघायचा. कूलंट गुलाबी किंवा हिरवं असतं ते त्यासाठीच कामाला येतं, बोटांना चिकट-गुळगुळीतही लागतं. आणि कूलंटच्या डब्याची लेव्हल कारण नसताना उतरत असेल तर आधी टाकीवर संशय घ्यायचा. त्या टाकीचं पाणी प्यायला किंवा चहाला वापरायचं नाही, क्लीनरला हे दहा वेळा सांगा. टाकीवर लाल रंगानं लिहूनच ठेवा.

जत-कवठेमहांकाळकडचं किंवा राजस्थानातलं पाणी भरत असाल तर गुंडाळीवर खार बसणार. मग पाणी तापायला वेळ लागतो. लिंबूसत्व टाकून कोमट पाणी काही तास ठेवलं की सुटतो. टाकीला वरून हात जाईल एवढं झाकण करून घ्या.

द्राक्षबाग_पलूस

तुमची टाकी झाली. आता शॉवरचं मी सांगू का? आमच्याकडे घरोघरी बॅटरीवरचा पाठीवरचा फवारणी पंप आहे. १६ लिटरची टाकी, आत १२ व्होल्टची बॅटरी, छोटा डायफ्रॅम पंप, पाइप, बंदूक. बंदुकीचं टोक काढून बागेतल्या झारीसारखी चाळण लावली की शॉवर तयार. गाडीच्या बॅटरीला हात नाही, वायरिंग नाही. चार्जिंग घरनं करून न्यायचं, एका चार्जिंगवर खेपभराच्या अंघोळी होतात. मिनिटाला दोन-तीन लिटरच पाणी येतं, म्हणजे १६ लिटर पाच ते आठ मिनिटं पुरतं. घरचा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो.

ड्रायव्हरची_लेक

कल्पना झकास आहे, पण दादा, पंप नवाच घ्यायचा हे मोठ्या अक्षरांत लिहा. द्राक्षाच्या हंगामात काय काय फवारलं जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये, पाइपमध्ये, वॉशरमध्ये राहतंच, आणि गरम पाण्यानं उघडलेल्या अंगावर ते घ्यायचं म्हणजे विकतचं दुखणं. गाडीतला पंप परत शेतातही न्यायचा नाही. रंगच वेगळा घ्या.

द्राक्षबाग_पलूस

एकदम बरोबर. नवाच. आणि घरच्यांना सांगून ठेवायचं, नाहीतर कुणीतरी "जरा एक टाकी मारून घेतो" म्हणतंच.

कृष्णाकाठचा_फिटर

पलूसकरांनी माझं अर्धं काम वाचवलं. मी आता मिक्सिंग व्हॉल्व्हवर लिहिणार होतो. गरम आणि थंड दोन्ही लाइनी पंपाला जोडायच्या, मधे व्हॉल्व्ह, तापमानाचा काटा... त्यात एक धोका कायम राहतो. थंड पाणी मधेच संपलं तर अंगावर ७० अंशांचं पाणी येतं. ६० अंशांचं पाणीही काही सेकंदांत कातडी सोलतं. पाठीवरच्या पंपात हा प्रश्नच नाही : आधी थंड पाणी ओतायचं, मग टाकीच्या तोटीचं गरम, कोपर बुडवून बघायचं, झाकण लावायचं. जे आत आहे तेच अंगावर येणार. थंड आधी ओतायचं ते प्लास्टिकच्या आणि पंपाच्या रबराच्या काळजीनं. उकळतं पाणी त्यांना सोसत नाही.

लावा हेच. व्हॉल्व्ह-बिल्व्ह विसरा.

टॉप_गिअर_कराड

पंपाची तरी काय गरज? गाडीत आठ किलो दाबाची हवा आहे की. एअर टाकीवरून नळी घ्यायची, पाण्याच्या टाकीत हवा भरायची, पाणी आपोआप प्रेशरनं बाहेर. आम्ही केबिन तर हवेनंच झाडतो.

घाटवाट

भावा, ती हवा ब्रेकची आहे. केबिन झाडायची बंदूक वापरून झाली की बंद होते. पाण्याच्या टाकीला दिलेला जोड कायमचा राहतो, एक दिवस गळतो, पाण्याचा अंश उलटा हवेच्या लाइनीत जातो, आणि मग ते कळतं कुठं, तर उतारावर. आणि फिटरनी वर सांगितलेली टाकी उघड्या तोंडाची, पत्र्याची. तिच्यात आठ किलो दाब म्हणजे बॉम्बच. ब्रेकच्या हवेला हात लावायचा नाही, एवढं एक माझ्यासाठी ऐका.

टॉप_गिअर_कराड

ऐकलं. माघार.

सज्जनगड_दर्शन

वेगळा पर्याय. केबिनच्या टपावर चार इंची पीव्हीसी पाइप काळा रंगवून टाकायचा. एका मीटरमागं साडेआठ लिटर पाणी मावतं, दोन मीटरचे दोन तुकडे म्हणजे ३४ लिटर. उन्हानं दुपारपर्यंत तापतं. इंजिनाला बोटसुद्धा लावायला नको.

बेदाणा_एक्स्प्रेस

काका, मार्च ते जून मला थंड पाण्यानंच अंघोळ करायचीय. आणि जानेवारीत धुक्यात दुपारी बारापर्यंत सूर्य दिसत नाही तिकडं. पहाटे तर पाइपातलं पाणी बाहेरच्या हवेएवढंच. तरी थंड पाण्याच्या साठ्यासाठी हा पाइप चांगला आहे, टपावरून आपसूक खाली येईल. फक्त १७ किलोचे दोन पाइप टपावर पक्के बांधायला पाहिजेत.

लाल_डबा

डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर का नाही? युरोपातल्या गाड्यांत वेबास्टो, एबरस्पेशर असतात. पाणी तापवणारेही येतात. तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल.

कृष्णाकाठचा_फिटर

मशिन उत्तमच आहे. ज्याला लडाख-काश्मीर लाइन आहे त्यानं बसवावं, केबिनही गरम होते. पण त्याचा धूर बाहेर काढायची नळी, डिझेलचा वेगळा पंप, बर्नरची साफसफाई, हे सगळं आलं. स्वस्तातली नक्कल घेऊन धुराची नळी झोपायच्या जागेजवळ सोडली की वर ताईंनी सांगितलेला कार्बन मोनॉक्साइड परत आलाच. बेदाण्याच्या गाडीला वर्षातले दोन महिने थंडी, त्यासाठी एवढा पसारा मला तरी पटत नाही.

ड्रायव्हरची_लेक

तुम्ही पाणी तापवलंत. आता उभं कुठं राहणार?

बाबा आयुष्यभर लाइनवर होते म्हणून बोलते. अंघोळ न झाल्याचा त्रास मला त्यांच्या कपड्यांत दिसायचा. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नायटा. घाम, तापलेली सीट, आठ-दहा तास बसून, आणि ओल्या अंगावर तेच कपडे. मेडिकलवाल्याकडची मिळेल ती ट्यूब लावायचे, तिच्यात स्टिरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. रोज अंघोळ, कोरडं पुसणं, सुती कपडा, यानंच ते आवरतं. त्यामुळे तुमच्या शॉवरला मी चैन म्हणत नाही.

पण आडोसा नीट करा. केबिन नि हौद्याच्या मधल्या फटीत उभं राहून, चासीवर पाय ठेवून अंघोळ करणारे मी बघितलेत. साबणाच्या पायानं तिथनं घसरलं तर खाली लोखंडच आहे. जमिनीवर उभं राहा. हौद्याच्या बाजूच्या कड्यांना जुन्या ताडपत्रीचा तुकडा, दोन आडवे पाइप, पायाखाली लाकडी पॅलेट नाहीतर रबरी मॅट. रस्त्याकडची बाजू कधीच नाही, कायम डावीकडं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, चाकाला लाकूड. दोघांतला एक जण बाहेर उभा.

आणि साबणाचं पाणी कुणाच्या दारात, कुणाच्या हौदाशेजारी सोडू नका. नाहीतर पुढच्या वेळी ढाबेवाला गाडी लावू देणार नाही.

बेदाणा_एक्स्प्रेस

ताई, हे मला सुचलंच नव्हतं. डावीकडं म्हणजे टाकीही डावीकडंच पाहिजे. त्या बाजूला माझ्या गाडीत बॅटरीचा डबा आहे, मोजून बघतो.

कागदपत्र_काका

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय करायचा नाही, हा त्याचा गाभा. चासीला लटकवलेली पाण्याची टाकी हा काही मोठा बदल नव्हे, अर्ध्या देशातल्या गाड्यांना पाण्याची टाकी असते. पण ती बॉडीच्या बाहेर येता कामा नये. एकूण रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. मागचे दिवे, नंबरप्लेट, बाजूचा गार्ड झाकायचा नाही. वजनाची चिंता नको. सगळं मिळून शंभर किलोच्या आत आहे, आणि २८ टनात ते दिसतसुद्धा नाही. कूलंटच्या लाइनीत जोड दिला तर इंजिनाच्या वॉरंटीचा प्रश्न मात्र येतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि जमलं तर लेखी घ्या.

आता जरा तिरकं बोलतो. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अॅक्ट १९६१ चा होता, २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेनं त्याची जागा घेतली. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम, मुक्कामाच्या जागी विश्रांतीची खोली, सगळं त्यात लिहिलं होतं. अलीकडे तेल कंपन्यांनी काही पंपांवर "अपना घर" नावानं ड्रायव्हरांसाठी खाटा, न्हाणीघर, स्वयंपाकाची जागा केली आहे, ती चांगली आहे, जिथं आहे तिथं वापरा. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकला एसी केबिनही सक्तीची झाली. पण माल उतरवून घेणारा शेठ त्याच्या गेटबाहेर दोन दिवस गाडी उभी करतो, तिथं एक नळ बसवायला त्याला कुठला कायदा आठवत नाही. तुमचा शॉवर हा त्या नळाच्या जागी आहे.

घाटवाट

काका, हे लिहून प्रत्येक मार्केट यार्डाच्या गेटवर चिकटवा.

नवा_स्टेअरिंग

गिझरचं माझं डोक्यातनं गेलं. पण माझी गाडी जुनी, बीएस-४, केबिनला हीटर नाही. मग जोड कुठनं?

कृष्णाकाठचा_फिटर

बऱ्याच इंजिनांवर हीटरसाठी दोन तोंडं दिलेली असतात, हीटर नसेल तर बोळा मारून बंद केलेली. तुमच्या मेकॅनिकला इंजिनाच्या पुस्तकात दाखवायला सांगा. ती नसतील तर मुख्य रेडिएटर होज कापून टी टाकायचा मोह आवरा. तो मोठा प्रवाह आहे, तिथली गळती म्हणजे दोन मिनिटांत रेडिएटर रिकामा. मग सरळ दुसरा मार्ग : पफची दोन भांडी. संध्याकाळी जेवायला थांबलात की ढाब्यावर दहा-दहा लिटर उकळतं पाणी भरून घ्यायचं, पन्नासेक रुपये द्यायचे, आणि पहाटे पलूसकरांचा पंप. इंजिनाला हात नाही, वॉरंटीची भानगड नाही. खरं सांगायचं तर चाळीस टक्के लोकांचं एवढ्यावरच भागेल.

लाल_डबा

चाळीस टक्के कुठनं काढले?

कृष्णाकाठचा_फिटर

हवेतनं. पण खोटं नाही.

बेदाणा_एक्स्प्रेस

जागा मोजली. बॅटरीचा डबा आणि मागच्या चाकाच्या मधे डावीकडं ७० सेंटिमीटर लांब, ४० उंच, ४५ आत अशी जागा मिळतेय. गार्डच्या आत बसतं, बाहेर काही येत नाही. पंचवीस लिटरची आडवी टाकी, पफसकट, यात मावेल असं वाटतं. चाकाचा चिखल नि खडी लागणार, म्हणून मागच्या बाजूला जाड रबराचा पडदा लावतो. कूलंटचा वरचा डबा केबिनच्या मागं, टाकीपेक्षा बराच उंच आहे, म्हणजे तुमची ती अटही बसते. गाडी वॉरंटीत आहे, म्हणून सर्व्हिस सेंटरला मेल टाकलाय. त्यांचं उत्तर येईपर्यंत पफच्या भांड्यांवर काढतो. पंप आजच घेतला. निळा, शेतातले सगळे हिरवे आहेत.

अण्णा, एकच राहिलं. गुंडाळी तांब्याची करू की स्टीलची?

कृष्णाकाठचा_फिटर

तांबं उष्णता लवकर देतं, पण स्टीलच्या टाकीतून बाहेर काढताना जोडाला दोन धातू भेटतात, तिथं गंज नि गळती. तुम्हाला दिवसभर गाडी चालवायचीय, घाई कुठं आहे? स्टीलचीच करा, ३०४, टाकीला आर्गननं जोडून, आणि आत एकही जोड नको. टाकीत घालायच्या आधी गुंडाळीत चार किलो दाबाची हवा भरून पाण्यात बुडवून बघायला लावा. टाकीवाल्यासमोर तुम्ही स्वतः उभे राहा. बुडबुडा दिसला तर परत.